लसीकरणाची टक्केवारी आणि रोगाचा माग : स्थानिक पातळीवरील मोजमापाचे विवेचन (गोवराच्या विशेष संदर्भात)

सारांश : संसर्गजन्य रोगांचे सर्वेक्षण आणि लसीकरणाच्या व्याप्तीचे मोजमाप ही सार्वजनिक आरोग्याची दोन स्वतंत्र कामे समजली जातात. एकाचा अहवाल रुग्णांची संख्या सांगतो, तर दुसऱ्याचा अहवाल लस मिळालेल्या मुलांची टक्केवारी. प्रस्तुत लेखात या दोन्ही मोजमापांची रीत, त्यांतील उणिवा आणि त्यांचा परस्परसंबंध यांचे विवेचन केले आहे. लसीकरणाची टक्केवारी हा एक दावा असून त्या दाव्याची खरी परीक्षा रोगाच्या आढळातूनच होते. म्हणून गाव, वस्ती वा प्रभाग या पातळीवर दोन्ही नोंदी एकत्र ठेवून वाचल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही, अशी लेखाची मांडणी आहे. देवी व पोलिओ निर्मूलनाचा अनुभव आणि २०२२ मधील मुंबईचा गोवराचा उद्रेक यांचा आधार त्यासाठी घेतला आहे. अखेरीस या कामातील महाविद्यालयांच्या संभाव्य सहभागाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : रोग सर्वेक्षण, लसीकरण व्याप्ती, गोवर, सामूहिक प्रतिकारशक्ती, स्थलांतर, स्थानिक आरोग्य नियोजन.

१. प्रस्तावना

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप मिळाले. क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या सहा रोगांपासून बालकांचे संरक्षण हा त्याचा आरंभीचा गाभा होता. पुढे त्यात इतर लसींची भर पडत गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत ६२.० टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ७६.४ टक्के झाले. ही प्रगती निःसंशय मोठी आहे.

तथापि याच पाहणीनंतर, २०२२ च्या उत्तरार्धात, मुंबई, भिवंडी, मालेगाव या शहरांत गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात बालके दगावली. गोवराची लस चार दशकांपासून शासकीय कार्यक्रमात विनामूल्य उपलब्ध आहे. अशा स्थितीत वाढती टक्केवारी आणि उद्रेक या दोन गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. तो मोजमापाचाही आहे. टक्केवारी कशाची काढली, कोणास मोजले आणि कोण मोजणीबाहेर राहिले, या प्रश्नांशी तो निगडित आहे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

मराठी व्यवहारात ‘सर्वेक्षण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एकदा केलेली माहितीची मोजणी, हा एक अर्थ. रोगावर अखंड ठेवलेली नजर, हा दुसरा. शासकीय आरोग्य व्यवस्थेत ‘रोग सर्वेक्षण’ ही संज्ञा दुसऱ्या अर्थाने रूढ आहे. प्रस्तुत लेखात ठरावीक काळी केलेल्या मोजणीस ‘पाहणी’ आणि अखंड देखरेखीस ‘सर्वेक्षण’ म्हटले आहे. ‘लसीकरणाची व्याप्ती’ म्हणजे लस मिळणे अपेक्षित असलेल्या बालकांपैकी ती प्रत्यक्षात मिळालेल्या बालकांचे शेकडा प्रमाण होय.

व्याप्ती आणि प्रतिकारशक्ती यांत भेद करणे अगत्याचे आहे. लस टोचलेले प्रत्येक मूल रोगप्रतिकारक्षम होतेच असे नाही. नवव्या महिन्यात दिलेल्या गोवराच्या पहिल्या मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. दोन मात्रांनंतर हे प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणूनच भारतात २०१० पासून गोवराची दुसरी मात्रा कार्यक्रमात आली. सध्याच्या वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिने आणि दुसरी १६ ते २४ महिने या वयात दिली जाते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : देवीचा धडा

व्याप्ती आणि सर्वेक्षण यांचा संबंध भारताने प्रथम देवी निर्मूलनाच्या मोहिमेत अनुभवला. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अधिकाधिक लोकांना लस टोचणे हाच त्याचा मार्ग होता. टोचण्यांचे आकडे प्रचंड वाढले. परंतु रोग हटला नाही. शाळेतील मुले किंवा रस्त्यालगतच्या वस्त्या अशा सहज सापडणाऱ्या लोकांचे पुन्हा पुन्हा लसीकरण होई आणि आडवळणाची वस्ती, मजुरांचे तळ, भटकी कुटुंबे तशीच राहत. नोंदवहीतील एकूण टोचण्या वाढत होत्या. न टोचलेल्यांची संख्या मात्र त्या नोंदवहीत कोठेच उमटत नव्हती.

१९७३ पासून धोरण बदलले. आधी रुग्ण शोधावयाचा आणि मग त्याच्या भोवतालच्या सर्व माणसांना लस द्यावयाची, अशी ‘शोध व नियंत्रण’ पद्धती अवलंबण्यात आली. कर्मचारी देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन गावोगाव, बाजारांत, शाळांत आणि पुढे घरोघर फिरले. रुग्ण कळविणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. मे १९७५ मध्ये देशातील अखेरच्या रुग्णांची नोंद झाली आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. लसीकरणाचे महत्त्व यामुळे कमी ठरत नाही. लस कोठे पोहोचली नाही हे रोगानेच दाखवून दिले आणि ते पाहण्याची व्यवस्था उभारल्यावरच लसीचा पूर्ण उपयोग झाला, हे या अनुभवाचे सार आहे.

४. टक्केवारीचा अंश आणि छेद

लसीकरणाची टक्केवारी हा साधा अपूर्णांक आहे. लस मिळालेली बालके हा अंश आणि लस मिळावयास हवी होती ती बालके हा छेद. अंश लसीकरण सत्राच्या नोंदीतून मिळतो. छेद मात्र पुष्कळदा अनुमानाने काढला जातो.

सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येस एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर दर हजारी १५ आणि अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. या हिशेबाने अशा उपकेंद्राच्या क्षेत्रात वर्षाला ७५ जन्म अपेक्षित धरता येतात. एखादा संभाव्य अर्भकमृत्यू वजा जाता लसीकरणाचे लक्ष्य सुमारे ७४ बालकांचे ठरते. परंतु ही ५,००० लोकसंख्या मुळात २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढविलेली असते. त्यापुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. दीड दशकात ज्या गावाची वस्ती औद्योगिक वसाहतीमुळे दुप्पट झाली आणि ज्या गावातून तरुण कुटुंबे निघून गेली, त्या दोन्ही गावांना एकच वाढीचा दर लावल्यास दोन्हीकडचे लक्ष्य चुकते.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून ही अडचण स्पष्ट होईल. वरील उपकेंद्रात एका वर्षात ७० बालकांना पेंटाव्हॅलेंट लसीची तिसरी मात्रा दिल्याची नोंद आहे. ७४ पैकी ७० म्हणजे सुमारे ९५ टक्के. कागदावर काम उत्तम. आता असे समजू की या ७० पैकी १२ बालके पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींची आहेत. ही मात्रा चौदाव्या आठवड्यात दिली जात असल्याने बाळ-बाळंतीण तोवर माहेरीच असणे सामान्य आहे. ही बालके अंशात मोजली गेली, पण त्यांचा छेद सासरच्या गावात आहे. ती वगळता प्रमाण ७४ पैकी ५८, म्हणजे ७८ टक्के होते. शिवाय गावाच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत आणि तेथे या वयाची १० बालके आहेत. त्यांपैकी दोघांना मूळ गावी लस मिळाली आहे. उरलेल्या आठांना नाही. ही बालके या उपकेंद्राच्या अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. त्यांना धरले असता ८४ पैकी ६०, म्हणजे ७१ टक्के ही प्रत्यक्ष स्थिती ठरते. कोणीही खोटी नोंद केलेली नाही; तरीही ९५ आणि ७१ यांत २४ टक्क्यांचे अंतर पडले.

बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे दरवर्षी साखर हंगामासाठी होणारे स्थलांतर, वीटभट्ट्यांवरील कुटुंबे, बांधकामांवरील मजूर आणि मेंढपाळ यांच्या बाबतीत हा प्रश्न नित्याचा आहे. साखर हंगाम सुमारे पाच-सहा महिने चालतो. बालकाच्या पहिल्या वर्षातील अर्धा काळ असा गेल्यास मूळ गाव त्यास ‘गावी नाही’ म्हणते आणि कामाचे गाव ‘आमचे नाही’ म्हणते.

छेदाच्या अनिश्चिततेवर एक अंशतः उपाय म्हणजे गळतीचे प्रमाण. पेंटाव्हॅलेंटची पहिली मात्रा ७२ बालकांना आणि गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ६१ बालकांना मिळाली असल्यास गळती (७२ − ६१) ÷ ७२, म्हणजे १५ टक्के होते. येथे लोकसंख्येचे अनुमान लागत नाही. दोन्ही संख्या नोंदवहीतीलच असतात. गळती १० टक्क्यांहून अधिक असेल तर कुटुंबे सेवेपर्यंत येतात, पण टिकत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. सत्राचा वार, आठवण देण्याची व्यवस्था, लसीनंतरच्या तापाबाबत दिलेली समज यांचा विचार तेथे करावा लागतो. उलट पहिली मात्राच कमी असेल तर सेवा पोहोचतच नाही, असे समजावे. पेंटाव्हॅलेंटची पहिली मात्राही न मिळालेल्या बालकास ‘शून्य मात्रा बालक’ म्हणतात. असे बालक गळतीच्या गणितातही येत नाही, ही या उपायाची मर्यादा आहे.

५. सरासरीत झाकली जाणारी वस्ती

एखाद्या शहराचे समान लोकसंख्येचे दहा प्रभाग कल्पिले आणि त्यांपैकी नऊ प्रभागांत ९५ टक्के, तर एका प्रभागात ४५ टक्के लसीकरण आहे असे मानले, तर शहराची सरासरी ९० टक्के येते. दहाही प्रभागांत ९० टक्के लसीकरण असलेल्या दुसऱ्या शहराची सरासरीही तीच. अहवालात दोन्ही शहरे सारखी दिसतात. रोगाच्या दृष्टीने ती अगदी भिन्न आहेत. पहिल्या शहरात लस न मिळालेली बालके एकमेकांच्या शेजारी, एकाच चाळीत, एकाच अंगणवाडीत आहेत. विषाणूला एका बालकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास तेथे अडथळा उरत नाही.

गोवराच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे. पूर्णतः असंरक्षित समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना बाधित करतो. एका रुग्णामागील या संख्येस ‘र’ म्हटले, तर संसर्गाची साखळी तुटण्यासाठी समाजातील १ − १/र इतका भाग रोगप्रतिकारक्षम असावा लागतो. १२ साठी हे प्रमाण सुमारे ९२ टक्के आणि १८ साठी सुमारे ९४ टक्के येते. यावरूनच दोन्ही मात्रांच्या ९५ टक्के व्याप्तीचे उद्दिष्ट ठेवले जाते. हे प्रमाण राज्याच्या सरासरीत असून भागत नाही; प्रत्येक वस्तीत असावे लागते.

६. पाहणीची उपयुक्तता व मर्यादा

नोंदवहीवरील टक्केवारीची शहानिशा करण्यासाठी घरोघर पाहणी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रचारात आणलेल्या मूळ समूह-नमुना पद्धतीत ३० समूह निवडून प्रत्येकातून ७, अशा २१० बालकांची माहिती घेतली जाते. तिच्यातून जिल्ह्याचे प्रमाण सुमारे १० टक्के अधिक-उणे इतक्या अचूकतेने समजते. मात्र अमुक एका गावाचे प्रमाण ती सांगू शकत नाही. एका गावातील सात बालकांवरून तसा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही.

लहान क्षेत्रासाठी ‘गट गुणवत्ता हमी नमुना’ ही पद्धत अधिक उपयोगी पडते. मूळ कारखान्यातील मालतपासणीची ही रीत आरोग्यक्षेत्रात आली. एका क्षेत्रातून यादृच्छिक पद्धतीने १९ बालके निवडावयाची; त्यांपैकी किमान १३ बालकांस लस मिळाली असेल तर ते क्षेत्र ८० टक्क्यांच्या निकषास उतरले असे मानावयाचे, अन्यथा तेथे तातडीने लक्ष द्यावयाचे. नेमकी टक्केवारी यातून मिळत नाही. परंतु ८० टक्के व्याप्तीचे क्षेत्र आणि ५० टक्के वा त्याहून कमी व्याप्तीचे क्षेत्र यांत भेद करण्यास ती पुरेशी आहे. दोन्ही बाजूंनी चुकीची शक्यता १० टक्क्यांच्या आत राहते.

पाहणीतील माहिती माता व बालसंरक्षण कार्डावरून घेतली की आईच्या आठवणीवरून, यानेही उत्तर बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कार्ड किंवा आठवण या दोहोंवरून काढलेले पूर्ण लसीकरण ७६.४ टक्के होते, तर केवळ कार्डावरून माहिती मिळालेल्या बालकांत ते ८३.८ टक्के होते. कार्ड जपून ठेवणारी कुटुंबे आरोग्यसेवेच्या अधिक संपर्कात असतात. म्हणून कार्डधारकांचे प्रमाण सर्वांना लागू करणे योग्य नव्हे.

७. रोग सर्वेक्षणाची रचना

१९९४ च्या सुरतेतील प्लेगनंतर देशातील रोग सर्वेक्षणाच्या उणिवा ठळकपणे समोर आल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची रचना तीन स्तरांची आहे. आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निष्कर्षावरून माहिती देतात. आरंभी ही माहिती आठवड्याच्या कागदी तक्त्यांतून जात असे. एप्रिल २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ती संगणकाद्वारे नोंदविण्याची व्यवस्था देशभर करण्यात आली.

ही साखळी जेथे सुरू होते तेथेच पुष्कळदा तुटते. ताप आणि अंगावर पुरळ ही लक्षणे असलेले मूल कोणीतरी पाहून कळवावे लागते. ग्रामीण भागात आणि शहरी वस्त्यांतही गोवर अंगावर येणे हा देवीचा कोप वा बालपणातील अटळ अवस्था मानण्याची समजूत अद्याप आढळते. मुलास कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून घरीच ठेवले जाते. दवाखान्यात नेणे निषिद्ध मानले जाते. असे मूल कोणत्याच स्तराच्या नोंदीत येत नाही. दुसरे असे की, आजारी मुलांचा मोठा भाग प्रथम खासगी डॉक्टरांकडे जातो. तेथून माहिती न आल्यास रुग्ण केवळ शासकीय रुग्णालयात दिसू लागतात, आणि तेव्हा संसर्ग वस्तीत पसरलेला असतो. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस संसर्ग पसरवू शकतो, हे लक्षात घेता एका आठवड्याच्या विलंबाचे मोल कळते.

८. ‘शून्य रुग्ण’ या नोंदीचा अर्थ

एखाद्या क्षेत्रातून गोवराचा एकही रुग्ण कळविला गेला नाही, तर तेथे रोग नाही की तो पाहणारे कोणी नाही, हे कसे ठरवावे? पोलिओ निर्मूलनाने या प्रश्नाचे उत्तर दिले. १९९७ पासून भारतात पंधरा वर्षांखालील मुलांत अचानक आलेल्या लुळेपणाची प्रत्येक घटना नोंदविण्यास आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घेऊन ते तपासण्यास आरंभ झाला. लुळेपणाला पोलिओखेरीज इतरही कारणे असतात. त्यामुळे पोलिओ नसला तरी दर लाख मुलांमागे वर्षाला काही लुळेपणाचे रुग्ण आढळलेच पाहिजेत. भारताने हा किमान निकष दोन धरला.

ज्या तालुक्यात पंधरा वर्षांखालील ८०,००० मुले आहेत तेथे वर्षाला एक-दोन असे रुग्ण सापडणे अपेक्षित आहे. सलग तीन वर्षे एकही न सापडल्यास शंका घ्यावयाची ती रोगाविषयी नव्हे, सर्वेक्षणाविषयी. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यातील पोलिओ विषाणूची तपासणीही सुरू झाली. अशा दुहेरी देखरेखीमुळेच १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा अखेरचा होय, हे विश्वासाने सांगता आले आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. गोवरासाठीही हेच तत्त्व लागू केले आहे. ताप व पुरळ असलेले, परंतु तपासणीत गोवर वा रुबेला न निघालेले रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे किमान दोन सापडावेत, असा निकष आहे.

९. उद्रेकातील आकड्यांचे वाचन

उद्रेकाच्या काळात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. आजारी मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी लस घेतली होती. मग लसीचा उपयोग काय? हा युक्तिवाद सुशिक्षितांतही आढळतो, म्हणून त्याचे गणित तपासणे इष्ट आहे.

एका वस्तीत १,००० बालके असून त्यांपैकी ९०० जणांनी गोवराची एक मात्रा घेतली आहे आणि १०० जणांनी घेतलेली नाही, असे समजू. ८५ टक्के परिणामकारकतेनुसार लस घेतलेल्यांपैकी १३५ बालकांत प्रतिकारशक्ती आलेली नाही. संसर्ग सर्व असंरक्षित बालकांपर्यंत पोहोचला तर एकूण २३५ बालके आजारी पडतील. त्यांपैकी १३५, म्हणजे ५७ टक्के, लस घेतलेली असतील. परंतु तुलना रुग्णांतील वाट्याची नसून आजारी पडण्याच्या प्रमाणाची करावयाची असते. लस घेतलेल्या ९०० पैकी १३५, म्हणजे १५ टक्के आजारी पडले. न घेतलेल्या १०० पैकी सर्वच्या सर्व. या दोन प्रमाणांतील फरक हीच लसीची ८५ टक्के परिणामकारकता होय. व्याप्ती जसजशी वाढते तसतसा रुग्णांमधील लसधारकांचा वाटा वाढतच जाणार. ते लसीचे अपयश नव्हे.

याच गणिताचा दुसरा उपयोग उद्रेकाचा पूर्वअंदाज बांधण्यासाठी होतो. मागील उदाहरणातील ७४ बालकांच्या उपकेंद्रात पहिल्या मात्रेची व्याप्ती ९० टक्के असेल, तर प्रत्यक्ष प्रतिकारक्षम बालके ७६.५ टक्के राहतात आणि दरवर्षी सुमारे १७ बालके असंरक्षित उरतात. चार वर्षांत ही संख्या ७० होते, म्हणजे जवळजवळ एका वर्षाच्या बालकांइतकी. असंरक्षितांचा साठा एका वर्षाच्या जन्मांइतका झाला की उद्रेकाचा संभव वाढतो, असा ठोकताळा आहे. यांपैकी ८० टक्के बालकांना दुसरी मात्राही मिळाली, तर दरवर्षी उरणारी असंरक्षित बालके सुमारे १० वर येतात आणि हाच साठा जमण्यास सात वर्षे लागतात. मधल्या शांत काळात लसीकरण पुरेसे असल्याचा समज होतो; वस्तुतः तो साठा वाढण्याचा काळ असतो.

१०. मुंबईतील गोवराचा उद्रेक, २०२२

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागातील रफीनगर परिसरात अल्पावधीत तीन बालके दगावली आणि गोवराच्या उद्रेकाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. हा परिसर महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत खाली होता. दाट वस्ती, अपुरे पाणी, कुपोषण, सतत बदलणारे भाडेकरू आणि रोजंदारीवरील पालक ही येथील स्थिती. कोविडच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, नियमित लसीकरणात पडलेला खंड येथे भरून निघाला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाचे पथक मुंबईत आले. घरोघर पाहणी सुरू झाली आणि लस न घेतलेली वा अर्धवट घेतलेली बालके मोठ्या संख्येने पुढे आली. ही बालके उद्रेकापूर्वीही तेथेच होती. त्यांना शोधण्याचे काम रोग दिसल्यानंतर झाले. याच महिन्यात केंद्राने उद्रेकग्रस्त क्षेत्रांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना एक अतिरिक्त मात्रा देण्याचा, तसेच एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालील बालके १० टक्क्यांहून अधिक असतील तेथे ६ ते ९ महिने वयाच्या बालकांनाही एक मात्रा देण्याचा सल्ला दिला. हा दुसरा निर्णय सर्वेक्षणाचे मोल दाखवितो. रुग्णांचे वय नोंदविले गेले म्हणूनच वेळापत्रकाच्या वयाआधीची बालके बळी पडत आहेत हे समजले आणि त्यानुसार लसीकरण बदलता आले. रुग्णाचे वय, पुरळ उठल्याची तारीख, राहण्याची जागा आणि लसीच्या मात्रा या चार नोंदी नकाशावर मांडल्या की लसीकरणातील खिंडार कोठे व कोणत्या वर्षी पडले, याचे उत्तर मिळते. गोवराने शरीरातील आधीची प्रतिकारक्षमताही क्षीण होते आणि कुपोषित बालकांत न्यूमोनिया व अतिसार जीवघेणे ठरतात. त्यामुळे हे उत्तर उशिरा मिळाल्याची किंमत बालकांच्या प्राणांनी मोजावी लागते.

११. महाविद्यालयांचा संभाव्य सहभाग

२०२४ मध्ये यू-विन ही लसीकरणाची संगणकीय नोंदप्रणाली देशभर लागू झाली. तीत बालकाची नोंद व्यक्तिशः होत असल्याने एका गावी सुरू झालेले लसीकरण दुसऱ्या गावी पुढे नेणे सुकर झाले आहे. माहेर-सासर आणि हंगामी स्थलांतर यांमुळे होणारी अंशाची गल्लत तीमुळे कमी होऊ शकेल. तथापि ज्याची नोंदच झालेली नाही असे बालक कोणतीही प्रणाली आपोआप दाखवू शकत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन केलेली यादीच लागते.

येथे महाविद्यालयांना वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावात होते. त्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संमतीने विद्यार्थी दोन वर्षांखालील सर्व बालकांची, कोप्या, भट्ट्या, बांधकामे व पालांसह, गणना करू शकतात. कार्ड पाहून मात्रांची नोंद घेऊ शकतात आणि ती यादी आरोग्यसेविका व आशा यांच्या यादीशी ताडून पाहता येते. दोन याद्यांतील तफावत हीच या कामाची फलश्रुती. सांख्यिकी विभागास नमुना निवडीत, भूगोल विभागास वस्तीच्या नकाशात, समाजशास्त्र विभागास लस न घेण्याची कारणे समजून घेण्यात आणि मराठी विभागास गोवराची स्थानिक नावे व त्यांमागील समजुती नोंदविण्यात सहभागी होता येईल. बुडणारी रोजी, लसीनंतरच्या तापाची धास्ती किंवा सत्राची गैरसोयीची वेळ, यांपैकी नेमके कारण कोणते हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. माहिती पालकांच्या संमतीनेच घ्यावी. बालकांची वा कुटुंबांची नावे महाविद्यालयाच्या अहवालात येऊ नयेत. एखाद्या वस्तीवर, जातीवर वा धर्मावर ठपका बसेल अशी मांडणी करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लस न मिळालेले बालक आढळल्यास ती माहिती अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्यसेविकेस द्यावी.

१२. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. लसीकरणाच्या टक्केवारीतील खरी अनिश्चितता बहुधा छेदात असते आणि स्थलांतरित, नवागत व बेघर कुटुंबांची बालके प्रथम छेदातूनच गळतात. राज्याची वा जिल्ह्याची सरासरी उद्रेकापासून संरक्षणाची हमी देत नाही. ‘शून्य रुग्ण’ ही नोंद सर्वेक्षण जागे असल्याचा पुरावा सोबत असेल तरच विश्वसनीय ठरते. रुग्णांची यादी, लसीकरणाची यादी आणि वस्तीतील बालकांची प्रत्यक्ष यादी या तीन याद्या एका टेबलावर ठेवून वाचल्या, तरच त्यांतील प्रत्येकीची उणीव दुसरीमुळे उघड होते.

देशाने गोवर व रुबेला यांच्या निर्मूलनासाठी २०२६ हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठरविले. उद्दिष्टाचे वर्ष कोणतेही असो, शेवटच्या टप्प्यात प्रश्न उरतो तो आकड्यांबाहेर राहिलेल्या थोड्या बालकांचा. ९५ टक्के व्याप्तीचा अहवाल हाती आल्यावर उरलेली ५ टक्के बालके कोणती व कोठे राहतात, हा पुढचा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर वस्तीत जाऊन शोधणे हे स्थानिक आरोग्य व्यवस्थेचे तसेच परिसराशी बांधिलकी मानणाऱ्या शिक्षणसंस्थांचेही कर्तव्य आहे.